नव्या पंख्याखालचं प्लास्टिक

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कुणी काढत नसे. फ्रीजच्या दारावर ते पिवळं पडून सुरकुतलं होतं. टीव्हीच्या रिमोटला दुकानातली पिशवी तशीच गुंडाळून वर रबर लावलेलं होतं. सोफ्यावरचं प्लास्टिक उन्हाळ्यात मांडीला चिकटायचं आणि उठताना असा चर्र आवाज यायचा की पाहुणे दचकायचे. पप्पा म्हणायचे, "बसा, बसा, नवाच हाय." तो सोफा मी पाचवीत असताना घेतलेला. मलकापुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पप्पांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. मम्मी कधी वैतागून फ्रीजवरचं ते पिवळं कातडं ओढायला गेली, की पप्पा जिन्यातूनच ओरडायचे, "काढू नको वं, खराब होईल!" मम्मी हात मागे घ्यायची. या एका वाक्यानं आमचं निम्मं घर झाकलेलं होतं.

मम्मी सरकारी दवाखान्यात नर्स होती. सकाळी ड्यूटीला जाण्याआधी ती समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून खालच्या आवाजात वंदना म्हणायची. त्या आवाजात स्टेशनवरचा भोंगा आणि कुकरची शिट्टी मिसळून जायची, आणि अजूनही मला कुठे लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला की पाठोपाठ वंदनेचे शब्द आठवतात. मग ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला बसायची. हिवाळ्यात वांग्याचं भरीत ठरलेलं, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. त्याच दिवसांत गावात कापूस यायचा. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या आमच्याच रस्त्यानं जायच्या आणि रुईचे पुंजके विजेच्या तारांवर, कडुलिंबावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर अडकून बसायचे. खिडक्या कितीही लावल्या तरी सकाळी केर काढताना केरसुणीला पांढरी मिशी यायची.

मी फार बोलत नसे. इंग्रजी शाळेत माझ्या इंग्रजीला कुणी हसलं नाही, पण घरी माझ्या मराठीला सगळे हसायचे. लग्नाकार्यात काक्या एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, "ऐक ऐक, पुस्तकातल्यावाणी बोलते पोरगी." पप्पांना मात्र त्याचा अभिमान होता. दुकानात कुणी ओळखीचं आलं की ते मला मुद्दाम खाली बोलवायचे आणि कॅमेऱ्याच्या खोक्यावरची इंग्रजी माहिती मोठ्यानं वाचायला लावायचे. मी वाचायचे आणि वर पळून जायचे. त्यामुळे घरात मी मोकळेपणानं बोलायचे ते एकाच माणसाशी. तो म्हणजे गौरवदादा.

गौरवदादा माझा आतेभाऊ. आत्या वारल्यावर तो आमच्याकडे राहायला आला आणि स्टुडिओतच कामाला लागला. लग्नाचं शूटिंग, लायटिंग, कॉम्प्युटरची जोडणी, सगळं तोच करायचा. स्टुडिओच्या मागच्या खोलीत आमचा कॉम्प्युटर होता. त्याला सगळे 'मशीन' म्हणायचे. दादानं मला त्याच्यासमोर बसवलं तेव्हा मी नववीत असेन. नवरीच्या चेहऱ्यावरचा ट्यूबलाइटचा हिरवा रंग कसा काढायचा, वरात लांबली तर गाण्यावर कशी कापायची, हे त्यानंच शिकवलं. डबा उघडून आतलंही दाखवलं. "हे पाह्य, हा याचा मेंदू. हा लय तापते. म्हणून याच्या डोक्यावर ही जाळी, अन् जाळीवर पंखा. जाळी गरमी वर ओढून घेते, पंखा तिले बाहेर फेकते." मी म्हटलं, "आणि पंखा बंद पडला तर?" तो म्हणाला, "मंग मेंदू सोताच झोपून जाते. जळण्यापरीस झोपलेलं बरं, नाही का बे?" मुलीला कुणी 'बे' म्हणत नाही. दादा म्हणायचा, आणि मला ते फार आवडायचं. दोनेक वर्षांत लग्नाच्या सगळ्या व्हिडिओंची कापाकापी मीच करायला लागले. वर नाव स्टुडिओचं असायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्या खोलीत मला कुणाशी बोलावं लागत नसे.

बारावीच्या वर्षी मला डिझाइनच्या एका कॉलेजबद्दल कळलं. ते दुसऱ्या राज्यात होतं आणि तिथे व्हिडिओ, अॅनिमेशन, असलं सगळं शिकवत. मी धीर करून जेवताना विषय काढला. पप्पांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "म्हणजे हेच शिकायचं, जे तुले येते?" मी म्हटलं, "पुढचं शिकायचं." ते म्हणाले, "दे ना मंग परीक्षा. मी कुठं नाही म्हणलं?" मम्मीनं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

परीक्षा घरूनच द्यायची होती. खोलीत एकटं बसायचं, कॅमेरा सुरू ठेवायचा, तीन तास उठायचं नाही, आणि मध्येच मशीन बंद पडलं तर पेपर तिथेच संपला. पुन्हा संधी नाही. हे सगळं मी पप्पांना आणि दादाला वाचून, मराठीत समजावून सांगितलं होतं. ते इथे लिहून ठेवते, कारण पुढे कुणी असं म्हणू शकत नाही की आम्हाला माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मशीनचा पंखा घरघरायला लागला. उघडून पाहिलं तर जाळीत रुईचा आणि धुळीचा करडा नमदा जमलेला. दादानं जळगावहून नवा पंखा आणला, जाळीसकट. जुना काढला, नवा बसवला, त्याचं खोकंही पप्पांनी जपून माळ्यावर ठेवलं. आणि त्यानंतर मशीन बिघडलं. लहानसहान काम करायचं, पण सलग ताण पडला की पंखा विमानासारखा ओरडायचा आणि पडदा काळा व्हायचा. मी सरावाची परीक्षा लावली, तर अर्ध्या तासात काळा. दुसऱ्यांदा लावली, त्याहून लवकर काळा. दादानं आधी सांगितलं व्हायरस आहे, म्हणून सगळं पुसून पुन्हा भरलं. मग म्हणाला विजेचा दाब कमी-जास्त होतो. मग म्हणाला, "तू लय चालवतेस बे. दिवसभर त्याच्यावरच बसेल राहतेस." पप्पांनी तेच वाक्य उचललं. दुकानात अल्बम न्यायला आलेल्या माणसाला मी ऐकताना ते सांगायचे, "मशीन नवी होती हो. पोरीनं चालवून चालवून थकवली." मी पडद्यामागे उभी राहून ऐकायचे आणि मला खरंच वाटायला लागलं होतं की माझ्या हाताला काहीतरी लागलेलं आहे. स्टुडिओची कामं मात्र थांबली नाहीत. दादा तुकडे करून, मध्ये मध्ये मशीनला विसावा देऊन ती काढायचा. माझी परीक्षाच तेवढी तुकड्यांत होण्यासारखी नव्हती.

एका रविवारी मी फारच मागे लागले तेव्हा दादानं मशीन पुन्हा उघडलं. पप्पाही शेजारी स्टूल घेऊन बसले. मी टॉर्च धरून उभी होते. जाळीच्या चार खिट्ट्या सुटल्या तेवढ्यात पप्पा म्हणाले, "मितू, जा बेटा, चहा टाक." मी टॉर्च पप्पांच्या हातात दिला आणि वर गेले. अद्रक ठेचलं, चहा उकळला, कप घेऊन जिना उतरले, तेव्हा खाली दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललेलं होतं. माझं पाऊल वाजलं आणि ते थांबलं. मशीन बंद करून झालं होतं, दादा शेवटचा स्क्रू पिळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "काही नाही सापडलं," तो म्हणाला. "सगळं ठीक हाय आतमधी." पप्पांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "वा! चहा काय फक्कड झाला आज." पप्पांनी माझ्या चहाला त्याआधी कधीच काही म्हटलं नव्हतं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

त्यानंतर पप्पा माझ्याशी फार मऊ वागायला लागले. बाजारातून येताना माझ्यासाठी कुल्फी आणायचे. "मशीनच साथ देत नाही त आपण काय करावं?" म्हणायचे. "पुढच्या साली पाहू. अकोल्याले काही असंन असलंच." त्यांनी एकदाही जाऊ नको म्हटलं नाही. परीक्षा आठवड्यावर आली होती आणि मी अभ्यास सोडून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मम्मीच्या लक्षात आलं. त्या दिवशी तिची सुट्टी होती. पप्पा आणि दादा देऊळघाटला लग्नाच्या शूटिंगला गेलेले. दुपारी जेवणं झाल्यावर ती पदराला हात पुसत मागच्या खोलीत आली आणि म्हणाली, "दाखव बरं, काय होते त्याले." मी मशीन लावलं. तापमान दाखवणारा आकडा असतो, तो तिला दाखवला. पंखा ओरडायला लागला, आकडा नव्वदच्या पुढे गेला. हवा लागावी म्हणून डब्याची एक बाजू हल्ली उघडीच ठेवलेली होती. मम्मीनं, मी नको म्हणेपर्यंत, सवयीनं हाताची मागची बाजू जाळीला लावली. पेशंटच्या कपाळाला लावतात तशी.

"हे तं गार हाय," ती म्हणाली.

"गार कसं असेल? नव्वद दाखवतंय."

"तूच लावून पाह्य मंग."

मी बोट लावलं. जाळी खरंच गार होती. पंख्याखाली, नव्वद अंशांच्या डोक्यावर, फ्रीजमधल्या भांड्यासारखी. मम्मी म्हणाली, "असं लेकरू आलं ना दवाखान्यात, आंगात ताप अन् हातपाय गार, की डॉक्टर आधी त्याच्याकडे धावते. तापाले बाहेर याले वाटच नसते ना." एवढं बोलून ती स्वतःच हसली, "मले काय समजते तुमच्या मशीनचं," आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

पण मला समजलं होतं. जाळी गरमी वर ओढून घेते, हे दादानंच शिकवलेलं. जाळी गरम होत नाही, म्हणजे गरमी तिच्यापर्यंत पोचतच नाही. व्हायरस नाही, वीज नाही, माझे हात नाहीत. मेंदू आणि जाळी यांच्यामध्ये काहीतरी आहे. मी मशीन बंद केलं, वायर काढली आणि दादाच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला. आजवर मी फक्त टॉर्च धरला होता. खिट्ट्या फिरवताना प्रत्येकीचा टक् असा आवाज व्हायचा आणि मी दाराकडे पाहायचे. जाळी उचलून उलटी केली. तिच्या तळाशी तांब्याचा गुळगुळीत चौकोन असतो, तो खालच्या मेंदूला टेकतो. त्या तांब्यावर पारदर्शक प्लास्टिकची पातळ झिल्ली चिकटवलेली होती. वर इंग्रजीत लाल अक्षरांत छापलेलं, की वापरण्याआधी हे काढून टाकावं.

मला आधी हसू आलं. खरंच आलं. आमच्या फ्रीजवरचं, रिमोटवरचं, सोफ्यावरचं प्लास्टिक शेवटी मशीनच्या मेंदूपर्यंत पोचलं होतं. दादानं ते काढायचं नसतं असंच धरलं असणार, त्यावरच गरमी जाळीकडे नेणारी पांढरी पेस्ट लावून बसवून दिलं असणार. आमच्या घरात वाढलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार? मी ती झिल्ली काढायला नख लावलं, आणि थांबले. एक कोपरा आधीच उचललेला होता. चांगला बोटभर सोलून, मग पुन्हा खाली दाबून बसवलेला. दाबताना त्याला चुणी पडली होती, आणि चुणीखाली, तांब्याच्या बाजूला, पेस्टमध्ये अंगठ्याचा ठसा उमटला होता. पहिल्यांदा बसवताना पेस्ट झिल्लीच्या वर लागली होती. झिल्लीच्या खाली ती जायची, तर कुणीतरी पेस्ट लागलेल्या हातानं ती नंतर सोलायला हवी. म्हणजे कुणीतरी हे पाहिलं होतं. काढायला सुरुवात केली होती. आणि मग विचार बदलला होता.

मला अद्रकाचा वास आला. खरा नव्हे, त्या रविवारचा.

मी बाकीचं काम नीट केलं, हे मला आजही बरं वाटतं. झिल्ली पूर्ण सोलून कागदावर ठेवली. जुनी पेस्ट मम्मीच्या स्पिरिटनं पुसली, दादाच्या ट्यूबमधून मटाराएवढी नवी लावली, जाळी समोरासमोरच्या खिट्ट्या आलटूनपालटून आवळत बसवली आणि मशीन सुरू केलं. सरावाची परीक्षा लावून समोर बसून राहिले. आकडा साठाच्या आसपास गेला आणि तिथेच रेंगाळला. पंखा इतका हळू झाला की बाहेरच्या कापसाच्या गाडीचा आवाज ऐकू येत होता. तीन तास मशीन चाललं. मी एकाही प्रश्नाचं उत्तर लिहिलं नाही.

दिवेलागणीला दोघं आले. दादाच्या हातात लग्नातल्या बुंदीची पिशवी होती. "मितू, घे बे, गरम हाय अजून," त्यानं हाक मारली. मी कागदावरची झिल्ली काउंटरवर ठेवली. दादानं पाहिलं आणि पिशवी हळूच खाली ठेवली.

"हे राह्यलंच होतं वाटते," तो म्हणाला.

"कोपरा सोललेला आहे, दादा."

तो वाकून पिशवीची गाठ नीट करायला लागला. मी म्हटलं, "तू मला सांगितलंस की सगळं ठीक आहे."

"मायाकडे नको पाहू." त्याचा आवाज एकदम चढला. "मी दाखवलं होतं मामाले. मामा, हे प्लास्टिक राह्यलं, काढतो म्हणलं. विचार त्याईले!"

पप्पा कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण बसवत होते. ते बसेना. मम्मी जिन्यात येऊन उभी राहिली होती.

"राहू दे म्हणलं सध्या," पप्पा शेवटी म्हणाले. "परीक्षा झाल्यावर काढू म्हणलं. तुले बोलता येत नाही बेटा चार माणसांत. तिकडे कोण पाहीन तुले? अन् इथलं काम…" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य आणून म्हणाले, "मी कुठं नाही म्हणलं तुले?"

ते खरं होतं. नाही म्हणायचं काम त्यांनी मशीनकडे दिलं होतं.

मम्मी म्हणाली, "सरळ सांगतलं असतं पोरीले. रडली असती चार दिवस. तिच्या हातालेच दोष लावला तुम्ही?" ती वर गेली आणि भाकरी थापण्याचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जोरात.

दुसऱ्या दिवशी दादा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी मान वर केली नाही. "तू जाशीन," तो म्हणाला. "पास होशीन, जाशीन. मले इथंच राहायचं हाय ना, मामाच्या घरात. मी काय म्हणणार होतो त्याईले?" मी आता त्याच्या त्या वयापेक्षा मोठी आहे आणि मला त्याची अडचण समजते. दुसऱ्याच्या घरात जेवणाऱ्या माणसाला बोलणं जड जातं. पण पप्पांना काही न बोलताही त्याला मला सांगता आलं असतं. तो कोपरा तसाच सोललेला ठेवून, मला नुसतं एकदा म्हटलं असतं, उघडून पाह्य बे. ते त्याला जमलं असतं. माझ्या मनात पप्पांचा हिशेब वेगळा आहे. पप्पा मला कधी काही शिकवायला बसले नव्हते. दादानं शिकवलं होतं, आणि त्याच शिकवण्यावर विसंबून मी त्याला उघडं पाडलं. त्यानंतर त्यानं मला कधी 'बे' म्हटलं नाही.

परीक्षा झाली. मशीन एकदाही थांबलं नाही. निकाल आला तेव्हा पप्पांनी स्टुडिओत पेढे वाटले. पेढे घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, "मशीन ऐन टायमाले खराब झाली होती हो. आमच्या गौरवनं बसून बसून नीट केली. त्यानं केली म्हणून पोरीचा नंबर लागला." मी तिथेच होते. माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. दादासमोर तो धरला तेव्हा त्यानं एक पेढा उचलला, आणि खाली पाहत खाऊन टाकला. ही गोष्ट आमच्या नात्यात आजही अशीच सांगितली जाते. गेल्या वर्षी एका लग्नात मावशीनं माझ्या नवऱ्यालाही ती सांगितली. मी हसले. पप्पा आता थकलेत, आणि सांगताना त्यांचा चेहरा इतका निर्मळ असतो की त्यांना ती खरीच वाटत असावी.

मला सोडायला सगळे स्टेशनवर आले होते. पप्पांनी माझ्यासाठी नवी सुटकेस घेतली होती, लाल रंगाची, आणि तिच्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. मुठीलाही प्लास्टिक गुंडाळलेलं. मी खिडकीशी बसले. खाली पप्पा गजांना धरून उभे होते, पाणी आहे का, फोन चार्ज आहे का, विचारत होते. दादा जरा मागे, खांबापाशी होता. गाडी हलली. मग मी सुटकेस मांडीवर घेतली, मुठीवरच्या प्लास्टिकला नख लावलं आणि ओढलं. ते लांबलचक फाटत आलं. पप्पा गाडीबरोबर चालत होते आणि हात हलवून सांगत होते, "काढू नको, बेटा, खराब होईल!" मी त्यांच्याकडे पाहत पाहत काढत राहिले.